नवरीच्या जागी

२३ जानेवारी, शुक्रवार

नक्की झालं. हंगेरी. तीन वर्षं.

लिन साहेबांनी विचारलं नाही, सांगितलं. "इथे चीनमध्ये आता सगळे एकमेकांचे गळे कापतायत. आपण बॅटरीचा भाव पाडला की शेजारचा कारखाना आणखी पाडतो. बाहेर पडतील तेच जगतील. आणि तू एकटीच आहेस. तुला काय अडचण?"

अडचण नाही, असं म्हणाले. खरंच नाही. तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेप चढतो, त्याची जाडी बघणं हे माझं काम. केसाच्याही काही अंशाने चुकली तर माल बाद. हे काम हंगेरीतही तेच असणार.

आईला फोन केला. ती म्हणाली, "तिकडे भात मिळतो का?"

थोरल्या मावशीला अजून सांगितलेलं नाही. तिला कसं सांगायचं, हाच विचार दिवसभर.

२४ जानेवारी

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

थोरली मावशी माझी आई आहे. म्हणजे तिने मला जन्म दिला. तिचे यजमान, थोरले काका, शाळेत मास्तर होते. सरकारी नोकरी. तेव्हाच्या नियमाने मूल एकच, दुसरं झालं की नोकरी गेली. आणि एकच असायचं तर तो मुलगा हवा. झाले मी. महिन्याची असताना मला पांघरुणात गुंडाळून नदीपलीकडे धाकट्या बहिणीकडे पोचवलं. तिला मूल नव्हतं. ती माझी आई झाली. पुढे तीन वर्षांनी थोरल्या मावशीला आयुआन झाला. सरकारदरबारी तो एकुलता एक. मी त्याची मावसबहीण.

दोन्ही गावांत हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या दोन्ही घरांत यावर कधीच कुणी बोललेलं नाही. मी नऊ वर्षांची असताना मला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, चिडवायला म्हणून. मी घरी येऊन विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

मला हक्क नको. माफी तर अजिबात नको, ऐकायला अवघड जाईल. जाण्याआधी एकदा तिला 'आई' म्हणायचं आहे, आणि तिने ओ द्यायची. एवढंच.

३० जानेवारी

आईचे आज सकाळपासून चार निरोप. चारही जाड पायजम्याबद्दल. 'बरं' लिहून पाठवलं.

५ फेब्रुवारी

आयुआनचा फोन. लग्न आपल्या नव्या वर्षाच्या सणाच्या सहाव्या दिवशी ठरलंय. त्या आठवड्यात गावातली निम्मी लग्नं उरकतात, कारण माणसं तेवढीच गावात असतात.

त्याची बांधकाम कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं. आता नानछांग शहरात विजेच्या स्कूटरवरून लोकांना जेवणं पोचवतो. पण हसणं तेच! "ताई, तू बॅटऱ्या बनवत जा, मी संपवत जातो. आपल्या दोघांवर देश चाललाय."

नवरीचं नाव पेइलिंग. दाताच्या दवाखान्यात काम करते. "तिने आधी माझे दात बघितले, मग मला," म्हणाला. "घोडा विकत घेतात तसं!"

मग म्हणाला, "आई म्हणते, आमिन आली नाही तर मला चैन पडणार नाही."

आई म्हणते. किती सहज म्हणतो हा! श्वास घेतल्यासारखं.

१३ फेब्रुवारी

गावी पोचले. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. आई बसच्या थांब्यावर, वाऱ्यात. "येऊ नकोस म्हटलं होतं ना," मी म्हणाले. "सहज आले होते या बाजूला," ती म्हणाली. या बाजूला काहीच नाही.

बाबा गेल्यापासून घरात ती एकटी. स्वयंपाकघरात चुलीवर धुरावलेलं मांस टांगलंय, बदकं टांगलीत, मिरचीचा ठेचा बरण्यांत भरलाय. "एवढं कोण खाणार?" "तू नेशील ना." मांस विमानाने नेता येत नाही, असं समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि आणखी एक बदक खाली काढलं.

१५ फेब्रुवारी

हू काकू आल्या. गावसमितीवर आहेत. पूर्वी याच काकू जास्तीचं मूल असलेल्या घरांवरची कौलं उतरवायच्या, डुकरं ओढून न्यायच्या. आता दारोदार जाऊन मुलं होऊ द्या म्हणून सांगतात. तोच आवाज, तीच ऐट, फक्त मागणी उलटी.

"आमिन, वय काय झालं तुझं? लग्न कधी? आता तीन होऊ द्यायला परवानगी आहे! वर सरकार भत्ताही देतं!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हूबाई, तुम्ही आधी ठरवा. माणसाने जन्मावं की नाही, ते तुम्हाला दर तीस वर्षांनी वेगळं वाटतं."

काकू हसल्या. "अगं, मी काय, वरून येतं तेच सांगते."

"तेव्हाही हेच म्हणायचात."

आई असं कधी बोलत नाही. काकूंनी चहाही घेतला नाही. खिसाभर सूर्यफुलाच्या बिया मात्र नेल्या.

१७ फेब्रुवारी, नवं वर्ष

पूल ओलांडून थोरल्या मावशीकडे. ती बारीक झालीय. केस काळे केलेत, लग्नासाठी असतील. हंगेरीचं सांगितलं.

"लांब आहे?"

"आहे."

"आयुआनने नकाशात दाखवलं म्हणजे झालं." आणि माशाच्या गालाचा मऊ तुकडा माझ्या वाडग्यात घातला. थोरल्या काकांना नाही, आयुआनला नाही. मला.

अशा गोष्टी मी टिपत आले आहे. एका वर्षी तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. एकदा पुलापर्यंत सोडायला आली. दुसऱ्या कुणाला दाखवलं तर म्हणेल, मावशी आहे, मावश्या करतातच. बरोबर आहे. यातून काहीच सिद्ध होत नाही.

आज तिला 'आई' म्हणायचं ठरवून गेले होते. परसात ती एकटी होती, कोबी काढत होती. मी जवळ गेले. तोंड उघडलं, आणि — "मावशी, विळा देऊ का?"

विळा तिच्या हातातच होता.

१९ फेब्रुवारी

काही नाही. पाऊस. आईने जाड पायजमा शिवून ठेवलाय. दोन.

२१ फेब्रुवारी, शनिवार

क्रमाने लिहिते.

आज थोरल्या मावशीच्या अंगणात उद्याची तालीम. कार्यक्रम चालवायला तालुक्याहून माणूस आणलाय. चकचकीत जाकीट, हातात माईक. गावात कुणाला ओळखत नाही. उद्या नवरीने सासूला चहा द्यायचा आणि तिला पहिल्यांदा 'आई' म्हणायचं. कालपर्यंत काकू, त्या घोटापासून आई. सासूने ओ द्यायची आणि लाल पाकीट हातावर ठेवायचं. हाक बदलली त्याची ओवाळणी.

"नवरी कुठाय?"

"नवरी कशी येईल?" कुणीतरी म्हणालं. "लग्नाआधी तिने हा उंबरठा ओलांडायचा नसतो."

"मग कुणीतरी तिच्या जागी उभं राहा, मला माईक लावून बघायचाय. ए ताई, चष्मेवाली! ये तूच!"

अंगणात बिया फोडण्याचा आवाज चालला होता. तो थांबला. एकदम. मान खाली घालून सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्या माणसाला काही कळेना.

हू काकू म्हणाल्या, "अहो, दुसरी कुणी घ्या की. ही इंजिनीयर आहे, हिला नाटकं जमत नाहीत."

"दोन शब्द तर म्हणायचेत, काकू! रॉकेट नाही सोडायचं!"

थोरली मावशी मधल्या खुर्चीत बसली होती. हात मांडीवर. म्हणाली, "येऊ दे तिला."

मी गेले. "गुडघे टेका. कप दोन्ही हातांनी. आता म्हणा — आई, चहा घ्या."

मी म्हणाले.

तो आवाज माझा नव्हता. फार खोलातून आला आणि शेवटाला चिरला. माईक चालू होता. भिंतीवरून परत आला.

"वा! उद्या नवरीला हे जमलं म्हणजे मिळवलं! सासूबाई, ओ द्या, ओ! जोरात!"

तिने ओ दिली नाही. कप घेतला. तालीमच ती, कप रिकामा होता. तिने तो ओठांना लावला. सावकाश प्यायली. कप पूर्ण कलता होईपर्यंत, तळापर्यंत. गळा हललेला मी पाहिला.

"उद्या खरा चहा असेल हं!" तो माणूस म्हणाला. सगळे हसले. गरजेपेक्षा जास्त.

मग ती उठली आणि कोंबड्या कोंडल्या का बघते म्हणून मागे गेली. कप हातातच.

मी म्हटलं. तिने ऐकलं. ओ मात्र मिळाली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्न. फटाके. पेइलिंग सुंदर दिसत होती, आणि धीट आहे. "आई, चहा घ्या!" — खणखणीत. थोरल्या मावशीने ओ दिली. "ओऽ!" इतकी मोठी की भिंतीवरच्या कोंबड्या उडाल्या. टाळ्या.

चहाचं तबक माझ्या हातात होतं. कुणीतरी धरायला हवंच होतं.

दुपारी भांड्यांच्या ढिगाशी थोरली मावशी आणि मी, दोघीच. ती कढई घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल घशाशी आली होती."

मी ताटं विसळत राहिले.

"गिळली. एकदा दिली असती तर मग थांबवता आली नसती मला." कढई पालथी घालून — "तो मोठा झारा दे इकडे."

मी झारा दिला.

२३ फेब्रुवारी

काल घशाशी आली होती. काल घशाशी आली होती. काल घशाशी आली होती.

दिवसभर हेच. इस्त्री करताना, भात खाताना. आई दोनदा काहीतरी बोलली, मी ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा तिने सांगितलंच नाही.

२४ फेब्रुवारी

मला हवं होतं ते मिळालं असं म्हणायला हरकत नाही. ओ बाहेर पडली नाही, पण होती. आता तीन वर्षं जातील. आता कुठेही राहता येईल मला.

पुलावरून एकटीच जाऊन आले. पाणी उतरलंय. त्यांच्या परसातून धूर निघत होता. आत गेले नाही. नुसती उभी राहिले. मला एवढं बरं कधी वाटलं होतं आठवत नाही!

२५ फेब्रुवारी

बॅग. आईने ठेचा भरला, मी काढला. तिने परत भरला. पायजमे वजन वाढवतात, एकच घेते म्हटलं. "बरं," म्हणाली. मग बॅग बंद करायला तिच्यावर बसली. फार हलकी आहे ती. बॅग बंद होईना. शेवटी मीच ठेचा काढला.

तिच्या फोनमध्ये हंगेरीची वेळ लावून दिली. "म्हणजे मी जेवते तेव्हा तू उठलेली असशील," म्हणाली. जवळपास बरोबर.

थोरली मावशी उद्या स्टेशनवर येणार नाही. नवी सून घरात आहे. निरोप पाठवला: 'जपून जा.' तो मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. गाडीत

आई तपासणीच्या दारापर्यंत आली. पुढे सोडत नाहीत. माझा मफलर उगीच सारखा केला. म्हणाली, "शनिवारी तालमीला मी अंगणातच होते. जेवण वाफवायच्या टोपल्यांमागे."

मी पर्स उघडून तिकीट शोधू लागले.

"तिला मारलीस तशी हाक मला एकदा मार. मग जा."

मागे रांग होती. मी म्हणाले, "आई."

ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "तशी नाही," आणि माझी बॅग पुढे सरकवली.