नव्या कप्पीचा गुण

तीर्थरूप दादा,

पायांवर डोकं ठेवतो. गुडघे आता कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे तुमची बहीण बरी आहे, मीही देवाच्या कृपेने बरा आहे. धाकट्याला माझ्या हाती देताना तुम्ही म्हणाला होतात, "झाडं तोडा, माझा भाऊ मोडू नका." ते मी रोज आठवतो. त्याच्या अंगावर ओरखडाही नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

इथल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वयंपाकघरावर एक वठलेलं झाड कललं होतं. असं झाड सरळ पाडता येत नाही, वरून एकेक ओंडका कापत उतरवावं लागतं. ओंडका दोराला बांधायचा, दोर वरच्या कप्पीतून खाली आणायचा आणि खालच्या माणसाने तो हळूहळू सोडायचा. आमची लाकडी कप्पी चिरली होती. (मोडली म्हणवत नाही. तिने खूप सोसलं.) म्हणून मी आणि पैलवान (धाकट्याला इथे सगळे तेच म्हणतात, अंगामुळे, कुस्तीमुळे नव्हे) दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "जेवढं वजन उतरवता त्याच्या दुप्पट पेलणारी घ्या. कप्पीला एकीकडून ओंडका ओढतो, दुसरीकडून तुमचा माणूस." मला हे फार पटलं. संसारात मधल्या माणसाचं हेच होतं. मी या विचारात असतानाच पैलवानाने बेअरिंगची एक जाडजूड कप्पी उचलली आणि बोटाने फिरवली. आमचं बोलणं संपलं तरी ती फिरतच होती.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. जुनी कप्पी इतकी हट्टी की अर्धा ओंडका तीच धरून ठेवायची. त्यामुळे दोर आवरायला बुंध्याभोवती त्याचे वेढे द्यायची सवय आम्हाला लागलीच नाही. उलट दोर हातून सुटू नये म्हणून पैलवान तो कमरेला बांधतो. (मी त्याला जबाबदारीची जाणीव समजत होतो.) मी वर बसून, देवाचं नाव घेऊन, करवतीचा शेवटचा हात मारला. नव्या कप्पीने हूं की चूं केलं नाही. खाली जाणाऱ्या ओंडक्याला वाटेत पैलवान भेटला आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. (ओंडका भारी निघाला, हे पैलवानाला अजून मान्य नाही.) माझ्यासमोर येताच त्याने बेचक्याला मिठी मारली आणि विचारलं, "भावोजी, हे असं ठरलं होतं का?" खालून बाई म्हणाल्या, "एक उतरवायला सांगितलं होतं, तुम्ही एक चढवलात."

स्वयंपाकघराचं एक कौलही हललं नाही. कप्पी उत्तम आहे. बाकी सगळं ठीक.

आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र दूधवाल्याच्या हाती देतो आहे. जमल्यास त्याच्याच गाडीवर मागे बसून या.

पुन्हा ता. क. पैलवान अजून वरच आहे. (मी माझ्या झाडावर चढायच्या पट्ट्याने त्याला खोडाला नीट बांधून उतरलो आहे, काळजी नसावी.) बुंध्याला वेढे देऊन दाखवले, तुमच्या बहिणीने शपथ घातली, तो म्हणतो, दोर दादा धरतील तरच उतरेन. चहा मात्र नव्या कप्पीवरून वर पाठवला, थेंबही सांडला नाही.

आणखी एक. तुमचं वजन त्याच्याहून जास्त आहे ना? शंका असल्यास वहिनींनाही आणा.