'कोंडी'चे एकोणीस नियम

२ मार्च, सकाळी ७.१०
'कोंडी' पूर्ण. पट आठ बाय आठ, प्रत्येक घर बेचाळीस मिलीमीटर, तीनदा मोजलं. बुद्धिबळाच्या पटावर राजा-वजिरामुळे डावी-उजवी बाजू सारखी नाही. इतकी शतकं हे कुणाला खटकलं नाही, कमाल आहे. माझा पट कुठूनही बघा, तोच. नियम एकोणीस. ज्याची खेळी अडली, तो हरला.
खेळण्यांच्या दुकानवाल्यांनी पंधरा तारीख दिली आहे. स्वतः खेळून बघणार, पटला तर शोकेसमध्ये मधोमध ठेवणार. ऑफिसात सर्वांना सांगून ठेवलं.

५ मार्च
सौ.बरोबर पहिला डाव. ती मटार सोलत बसलेली, लक्ष निम्मं. सुरुवात मी केली. हरलो. नवशिक्यांचं नशीब.

६ मार्च
तीन डाव हरलो. पण एक ध्यानात आलं, माझी प्रत्येक खेळी ती जशीच्या तशी उचलते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच माझं काहीतरी घेतलं. भरून आलं.

९ मार्च
मेहुणा आला होता. डाव बघून हसला. म्हणाला, "भाऊजी, ताईने नियम वाचलेत का?"
तिला विचारलं. म्हणाली, "वाचायचंय काय त्यात? तुम्ही कराल तेच मी माझ्या बाजूने करते. तुम्हाला जागा मिळाली की मलाही मिळतेच. शेवटी अडता तुम्हीच."
खेळात दोष नाही. खेळणाऱ्याच्या वृत्तीत आहे.

१० मार्च
विसावा नियम: नक्कल करणे असभ्य समजले जाईल. सौ. म्हणाली, "कोण समजणार?" नियम खोडला.

१२ मार्च
उपाय सापडला, तोही बसल्या जागी. पंधराला पहिली खेळी दुकानवाल्यांना द्यायची, मग नक्कल मी करणार. डिझायनरला विनय शोभतो.

१५ मार्च, दुपारी ४.४०
दुकानातून आत्ताच आलो. त्यांना म्हटलं, "आधी तुम्ही." ते म्हणाले, "छे, तुम्ही पाहुणे." चारदा झालं. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. नाइलाजाने मीच सुरुवात केली. एकोणीस नियमांचा कागद पुढे केला, तर त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला. "तुम्ही खेळा हो. तुमचं बघून मीही तसंच करतो. होईल अंदाज."
तेविसाव्या खेळीला मी हात मागे घेतला. त्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "तुम्ही जिंकलात." ते जरा ओशाळले. कागद जवळ ओढून म्हणाले, "बरं, आता खेळायचं कसं, ते सांगा."