नाचाच्या टेकडीची अखेरची व्यवस्था

मी, थोरा लिंडविग, वय वर्षे एक्याऐंशी, अविवाहित, धंदा गुरे पाळणे, राहणार सेज फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ आर्डन चारचौघांत उलटे सांगत फिरतो. हा मजकूर मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही. रागाने लिहिला आहे हे मान्य. पण तो राग वर्षभर लोणच्यासारखा मुरलेला आहे, ऐनवेळी डोक्यात गेलेला नाही.

कलम पहिले : रान. वडिलांनी मरताना रानाचे दोन भाग केले, उत्तरेकडचा आर्डनला आणि दक्षिणेकडचा मला. आर्डनने त्याच वर्षी आपले सगळे गवत नांगरून गहू पेरला. माझ्या भागात गवत राहिले, गुरे राहिली, आणि मधल्या उघड्या टेकडीवर दर एप्रिलला पहाटे माळकोंबडे, माळावरची ती रानपाखरे, नाचायला येत राहिले. नर पंख पसरून पाय आपटतात, माद्या बाजूला उभ्या राहून नाके मुरडतात. आजोबांच्या वेळेपासून त्यांची जागा हीच. जागा मोडली की नाच मोडतो, आणि नाच मोडला की पाखरू संपते.

पाखरे वाचवणाऱ्या संस्थेची रेनाटा ओर्तेगा पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला अंगणातूनच वाटेला लावले होते. दुसऱ्यांदा ती तारा ताणायचे हत्यार घेऊन आली, माझे पडलेले कुंपण उभे केले, आणि मगच तोंड उघडले.

"थोराबाई, गुरं काढा असं मी म्हणतच नाही. गुरं हवीतच. फक्त दरसाल एक कुरण मोकळं ठेवा, आणि चाऱ्याचं गवत कापताना मधून सुरुवात करा."

आमच्याकडे सगळे कडेने आत कापत येतात. मादी पिल्लांना घेऊन उभ्या गवतात सरकत सरकत मध्ये जाते, आणि शेवटच्या पट्ट्यात यंत्राखाली सापडते. मधून बाहेर कापले, तर ती कुंपणापलीकडे निघून जाते. मी तसे कापू लागले आणि गावाने मला 'उलटी थोरा' नाव ठेवले. पुढे दुष्काळ पडला. माझी गुरे राखलेल्या कुरणावर तगली, आणि नावे ठेवणारे चारा मागायला दारात उभे राहिले. त्यांत आर्डनही होता. त्याला मी दिला, हे इथे मुद्दाम लिहिते.

गेल्या वर्षी मांडीचे हाड मोडून मी बिलिंग्जच्या इस्पितळात पडले. वासरांची विक्री अडू नये म्हणून आर्डनला मुखत्यार केले. त्याने मे महिन्यात, माद्या अंड्यांवर बसल्या असताना, टेकडी नांगरली. तीही कडेने आत.

कुबड्या घेऊन घरी आल्यावर मी विचारले, "कोणाला विचारून?"

"कागद तुझाच होता ना, ताई? पडीक टेकडी गव्हाखाली आणली. शाबासकी द्यायची सोडून डोळे काय वटारतेस?"

"आणि अंडी?"

"अगं, पाखरंच ती! बघतील दुसरी टेकडी."

त्याच्या या एका वाक्यासाठी मी वकिलाची पायरी चढले. त्याचा कोवळा गहू मी गुरांना चारला आणि टेकडीवर पुन्हा गवताचे बी टाकले. मग या रानात यापुढे नांगर चालणार नाही, मालक कोणीही असो, असा कायमचा करार संस्थेबरोबर करून सरकारदरबारी नोंदवला.

आता ते रान, गुरांसह, मी शेजारी वेड कुलमन याला देते. वेडचा बैल कुंपण मोडून आर्डनच्या जातिवंत कालवडींत घुसला, तेव्हापासून आर्डन त्याचे नावही काढत नाही. वेडला देण्याचे ते एक कारण. दुसरे हे, की 'उलटी थोरा' म्हणून सर्वांत मोठ्याने हसणारा वेड पुढच्याच साली आपल्या तारांना कोणी न सांगता पांढऱ्या पट्ट्या लावत होता, उडती पाखरे धडकू नयेत म्हणून. मी विचारले तर म्हणाला, "बाई, पाखरांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण गवत उभं दिसलं की झोप लागते." त्याने चारा मधून बाहेर कापावा. गाव हसेल. हसू द्यावे.

कलम दुसरे : घर. दर वसंतात रेनाटाच्या माणसांना उतरायला द्यावे. कुत्री वेडकडे जाईल. ती आर्डनला पाहिले की चावायला धावते, तिची ही सवय मोडू नये.

कलम तिसरे : माझा भाऊ आर्डन लिंडविग. त्याला रानातले एक ढेकूळही मिळणार नाही. मात्र दर एप्रिलला एक सकाळ टेकडीजवळच्या फळ्यांच्या खोपीत बसून नाच बघण्याचा हक्क मी त्याला देते. त्यासाठी त्याने वेडच्या दारात जाऊन, टोपी काढून, परवानगी मागावी.

कलम चौथे : माझे दफन. मला चर्चच्या आवारात नव्हे, त्या टेकडीच्या कडेला पुरावे. वकील म्हणाले, करार आहे, मग कबर कशाला? मी म्हटले, कागद फिरवता येतो हे मी इस्पितळात शिकले. आर्डनमध्ये दुर्गुण पुष्कळ आहेत, पण मेलेल्या माणसावरून तो नांगर नेणार नाही. आईच्या कबरीवर तो अजून दर रविवारी जातो, हे मला ठाऊक आहे.

आमच्याकडे कबर घरच्यांनीच खणायची रीत आहे. माझी आर्डनने खणावी. फावड्याने, गुडघे टेकून, यंत्र न लावता. वडिलांच्या पट्ट्याचे चांदीचे बक्कल, जे त्याने जन्मभर माझ्याकडे मागितले, ते माझ्या कमरेला असेल. माती त्यानेच लोटावी आणि वर गवताचे बी हाताने पेरावे.

आज पहाटे वेडने मला त्याच्या गाडीतून टेकडीपाशी नेले. माळकोंबडे आले होते. टाकलेले बी अजून उगवलेले नाही, गवताचे पाते नाही, नुसती उघडी माती, आणि तिच्यावर ते पाय आपटत होते. मी रडले. आर्डनला कळवावे, की दुसरी टेकडी त्यांनी बघितली नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

थोरा लिंडविग
सेज फोर्क, मोंटाना
१९ एप्रिल २०१६

साक्षीदार :
१. मिलिसेंट क्रो, टपालबाई, सेज फोर्क.
२. लोर्ना लिंडविग, आर्डनची पत्नी. हिने सही करण्यापूर्वी सर्व मजकूर दोनदा वाचला. हरकत विचारली असता म्हणाली, "हरकत कसली? फावडं मीच देईन त्याच्या हातात."