हँडब्रेक ओढला म्हणून

१० मार्च

परत बर्फ. मार्च लागला तरी थांबायचं नाव नाही. गावाकडं आता शिमग्याची लाकडं गोळा झाली असतील, इथं मी सकाळपासनं फावडं मारतोय. संध्याकाळी स्टेशनावरनं पाहुणे आणले. म्हातारा-म्हातारी, सेंदाई शहरातले. दर वर्षी येतात म्हणे. घाटात पुढचं काही दिसत नव्हतं, तरी एक हिसका बसू दिला नाही. उतरताना म्हातारा म्हणाला, छान चालवतोस. बरं वाटलं. या हॉटेलात गाद्या-भांडी करायला आलेलो मी. जपानच्या लायसन्सला दोनदा नापास झालो, मग पास, तेव्हा कुठं हॉटेलच्या गाडीची चावी हातात आली. गाडी उतारावर लावलीय. सकाळची पहिली ट्रेन गाठून द्यायचीय त्यांना.

११ मार्च

डोकं फिरलंय.

पहाटे गाडी जागची हलेना. हँडब्रेक खाली केला तरी मागची चाकं गच्च. कुदो-सान आला. इथला जुना ड्रायव्हर, गुडघ्यामुळं आता नुसता बॉयलर बघतो. आत डोकावला. 'ओढलास?' म्हटलं, ओढला, उतार आहे. तो म्हणाला, थंडीत ओढलेला ब्रेक आतल्या आत गोठतो, इथं कुणी ओढत नाही, चाकाला लाकडी ठोकळा लावतात. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

सगळ्यांना! पसरणीच्या घाटात मी हँडब्रेक न ओढता गाडीतनं उतरलो असतो तर मामानं कानाखाली काढली असती. जीप शिकवली त्यानं, शाळा नववीत सुटल्यावर.

गरम पाणी ओतलं चाकावर. त्याचाच खाली बर्फ झाला. खालनं टॅक्सी वर येईपर्यंत ट्रेन गेली. पुढच्या सगळ्या ट्रेन वाऱ्यानं बंद.

हॉटेलची मालकीण बर्फात उभी राहून त्या दोघांपुढं माफीसाठी वाकली. कमरेतनं, बराच वेळ. केसांवर बर्फ साठला तरी उठेना. मी कारण सांगायला पुढं झालो तर हातानंच गप्प केलं. नंतर चावी मागितली. आवाज चढवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. माझ्या वाटचं वाकायला तिला सांगितलं कुणी?

१२ मार्च

फावडं. छपरावरचा बर्फ. चावी काउंटरमागच्या खिळ्याला, येता-जाता दिसते.

सेंदाईच्या शुभाताईंना फोन केला. नवरा युनिव्हर्सिटीत, त्या एका ऑफिसात. गणपतीला ओळख झाली, तेव्हापासनं धाकट्या भावासारखं बघतात. वाटलं, बाजू घेतील.

'तू सॉरी म्हणालास का?'

'मी कारण सांगत होतो ताई.'

'कारण नको सांगूस रे. इथं कारण म्हणजे बहाणा. आधी वाकायचं.'

म्हटलं, तुम्ही पण जपानी झालात. हसल्या. म्हणाल्या, माझी पोरगी मला उलटंच ऐकवते, आई तू फार इंडियन आहेस, आणि ते पण जपानीत. मी नाही हसलो. ब्रेक लावला म्हणून माफी मागायची? न लावता गाडी दरीत गेली असती तर कोण वाकलं असतं?

१४ मार्च

काल लिहायला जीव नव्हता. बस बंद, भाजीचा ट्रक खालीच अडकलेला, कोबी आणि कोबी.

आज बॉयलरपाशी कुदो-सानशी भांडलो. म्हटलं, एक ट्रेन चुकली तर एवढं काय आभाळ कोसळलं. त्यानं बॉयलरचं झाकण लावलं. मग सांगितलं. त्या दोघांचा मुलगा मोठ्या भूकंपाच्या दिवशी, अकरा मार्चलाच, त्सुनामीच्या लाटेत गेला. अजून सापडलेला नाही. आदल्या रात्री त्यांना घरी झोप येत नाही, म्हणून इथं वर येतात, आणि सकाळी निघून समुद्रापाशी जातात. दुपारी भूकंपाच्या घटकेला तिथं भोंगा वाजतो. तो वाजताना तिथं उभं राहायचं. एक वर्ष चुकलेलं नाही. यंदा भोंगा वाजला तेव्हा दोघं आमच्या खालच्या स्टेशनात, बाकावर.

म्हणजे हेही सगळ्यांना माहीत होतं. मलाच नाही. एक शब्द आदल्या दिवशी सांगितला असता तर मी गाडीतच झोपलो असतो, इंजिन चालू ठेवून. राग तर येतोय. पण आता तो नेमका कुणावर…

१५ मार्च

मालकीण म्हणाली, उद्या सेंदाईला त्यांच्या घरी जातेय, मिठाईचा डबा घेऊन. चल म्हणाली नाही. नको येऊस असंही नाही. ही यांची तऱ्हा, समोरच्यानं ओळखायचं. मी विचारलं, गाडी कोण चालवणार? म्हणाली, मी ट्रेननं जाणार.

शर्ट धुतला. जायचं म्हणून नाही. मळला होता.

१६ मार्च

सेंदाई. गेलो शेवटी, मालकिणीबरोबर.

बोगदे संपले आणि बर्फच संपला. ऊन. पोरं सायकलींवर. एवढ्या जवळ असं असताना आम्ही वर फावडी मारतोय, त्याचाही संताप आला.

आता म्हातारा-म्हातारीच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हे फोनवर लिहितोय. मालकिणीला म्हटलं, एक फोन करून आलोच. फोन कुणाला करायचाय. शुभाताईंनी पाठवलेली माफीची जपानी वाक्यं पाठ आहेत, एकातही कारण नाही. ब्रेक ओढला ती चूक नव्हती, हे मी आजही म्हणतो. ब्रेकसाठी नाही वाकणार. स्टेशनातल्या त्या बाकासाठी वाकायचं म्हटलं तर ते कसं सांगायचं, ते वाक्य ताईंनी पाठवलेलं नाही.

मालकीण दारापाशी पोचलीय. डबा दोन्ही हातांत. माझ्याकडं बघत नाहीये. बेल अजून दाबलेली नाही.