दांडीचे पॉलिश

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मी, तुझा पिता, वय वर्षे ब्याऐंशी, धंद्याने सुतार, शिक्षण चौथी पास, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, न्हाणीघरात आधारासाठी तू पाठविलेली खरबरीत स्टीलची दांडी मी बसविली नाही. सुताराच्या घरी विकतची दांडी मला अपमानास्पद वाटली. मी स्वतः सागवानाची केली आणि सवयीने तिला आरशासारखे पॉलिश दिले. तुझ्या आईने ती ओल्या हाताने धरली, हात निसटला आणि ती पडली. खुबा मोडला.

पडून राहून तिच्या पाठीला जखमा झाल्या. नर्सबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी दर दोन तासांनी तिची कूस बदलीत असे. तिची कातडी कागदासारखी झाली होती. ती म्हणे, "अहो, हळू! मी काही फळी नाही, रंधा मारायला." जखमा चिघळल्या आणि त्यांतच ती गेली.

"आई, पडलीस कशी गं?" असे तू विचारलेस, तेव्हा मी दाराशी उभा होतो. ती म्हणाली, "मीच वेंधळी. यांनी एवढी दांडी केली, ती धरलीच नाही."

हे पत्र टपालात टाकण्याचे धैर्य अद्याप होत नाही.

तुझा,
बाबा

पडतेवेळी हजर साक्षीदार दोन: मी व तुझी आई. पैकी तिची साक्ष माझ्या बाजूने झाली. ती खोटी आहे.