खडकाच्या बाहेरून

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं. नवी आगबोट रविवारी पहिल्यांदा निघणार आणि सुकाणू तुझ्या हाती, एवढं वाचूनच सगळ्या आळीत सांगून आले. मग घरी येऊन पुढचं वाचलं. घरासमोरून जाताना तू भोंगा देणार, आणि मी पांढरी चादर हलवत किनाऱ्यावर उभं राहायचं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय ते म्हातारपणामुळे नाही, भीतीमुळे. हसू नकोस गं.

जुनी आगबोट तू फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलीस. दोन्ही कुशींना पाणी मागे लोटणारी घराएवढी चाकं आणि मधे काळंकुट्ट धुराडं. रस्ता नव्हता तेव्हा टपाल, आजारी माणसं, सासरी निघालेल्या पोरी, अगदी कोंबड्यासुद्धा तिच्यातूनच जायच्या. तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, तिच्या सुकाणूवर असायचे. खरी वाट काळ्या खडकाच्या बाहेरून. पण आमच्या गावाशी आले की ते बोट खडकाच्या आतून, किनाऱ्यालगत आणायचे आणि भोंगा द्यायचे. सगळा गाव हातातलं टाकून धावत सुटायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट जो आला नाही त्याच्यावर रुसवे व्हायचे.

त्या दिवशी निघताना बाबा आईला म्हणाले, "आज चादर हलव, म्हणजे गर्दीत मला तू कळशील."

तुझी आजी जन्मभर सगळ्यांना सांगत राहिली, धुकं होतं म्हणून. धुकं नव्हतं, ठमे. लख्ख ऊन होतं. मी तिला बिलगून उभी होते. सुट्टीचा दिवस, बोट खच्चून भरलेली. आईने चादर हलवली, आम्ही सगळ्यांनी हात हलवले, आणि बोटीतली झाडून सगळी माणसं आम्हाला बघायला एकाच बाजूला धावली. बोट कलली. आमच्याकडचं चाक पाण्यात खोल गेलं आणि पलीकडचं वर उचललं जाऊन नुसतंच गरगरायला लागलं. एकाच चाकाचा जोर लागल्यावर बोटीचं तोंड आपोआप खडकाकडे वळलं. बाबा जिवाच्या आकांताने सुकाणू उलटं फिरवत होते. आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. आम्ही आणखी जोरात हात हलवले.

पुढचं लिहवत नाही. अजून कुणी पत्रा आपटला तरी मी दचकते. बाबा सापडलेच नाहीत. आजी चादरी मागच्या खोलीत वाळत घालायची, कुबट वास येतो म्हणून तू तिला किती चिडवायचीस, आठवतं? बाहेर पांढरं काही फडफडलेलं तिला बघवायचं नाही.

तू म्हणशील, आई, नवी बोट रुंद आहे, मोठ्या इंजिनियरांनी तपासलीय. असेलही. पण चाकं दोनच ना? आणि आपलं माणूस दिसलं की धावणारच गं माणसं. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी तू थोडीच ऐकणार, आजोबांवर गेलीयस.

म्हणून हे लिहितेय. काल मी घरोघर जाऊन हात जोडून आले. बेकरीवाला आधी हसला, शिंपीणबाई तर रडल्याच, पण सगळ्यांनी ऐकलं. रविवारी किनाऱ्यावर चिटपाखरू दिसणार नाही. खिडक्या बंद असतील, दोऱ्यांवर कपडे नसतील, आणि मीसुद्धा नसेन. पहिल्याच फेरीला आई आली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तू खडकाच्या बाहेरून जा, भोंगा तिथूनच दे. मी दार लावून, चादर मांडीवर घट्ट धरून बसलेली असेन. तुझा भोंगा लांबून, अगदी बारीक ऐकू आला, की मगच दार उघडेन.

तुझीच,
भित्री आई