फ्रिजमधला आरसा

सहाच्या गोळीसाठी पाण्याची बाटली काढायला तू इथे येणारच, म्हणून चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावतेय. मी पहिल्या पाळीला निघाले. दूध तापवून ठेवलंय.

काल तू लेकीवर खेकसलास, की फ्रिज ही काय आरसा ठेवायची जागा आहे का. तू झोपेत असताना तिने तुझ्या नाकासमोर धरला म्हणून तो हिसकावूनही घेतलास. ती तुझ्या घोरण्याची टिंगल करतेय असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

आज तिचं दप्तर भरताना विज्ञानाची वही उघडली. श्वासातून वाफ बाहेर पडते आणि गार काचेवर तिचे थेंब होतात, हे बाईंनी त्यांना शिकवलंय. मागच्या पानावर तिने तक्ता आखलाय. तारीख, आणि पुढे ‘काच धुरकट झाली’. तू हॉस्पिटलमधून घरी आलास त्या दिवसापासून रोज, सव्वीस ओळी. कालचा रकाना कोरा आहे.

गॅलरीतल्या कुंडीत सिगारेटची थोटकं सापडली. त्यावर संध्याकाळी बोलू. आत्ता लिहायला घेतलं तर बस चुकेल, आणि भलतंच काहीतरी लिहून जाईन.

आरसा परत फ्रिजमध्ये ठेवलाय. ती सातला उठते. तिची समजूत वगैरे काढत बसू नकोस. गोळी घे, परत अंथरुणात जा, डोळे मिटून पडून राहा. ती आली की जरा जोरात श्वास सोड.